आबांच्या फ्लेक्समागे

गहिनीनाथ ढाकणे फ्लेक्स छापत नाही, बांधतो. हे तो प्रत्येक नव्या माणसाला आधी सांगून टाकतो, कारण छापणाऱ्यावर त्याचा कायमचा राग आहे. "त्यो एसीत बसून बटन दाबतो, ताई. फ्लेक्स हुबा राहतो त्यो माझ्या हातानं." आमच्या भागात कुणाचा वाढदिवस असो, निवड असो, बारसं असो की दहावा, चौकात चेहरा झळकतो तो गहिनीनाथच्या हातून. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे आणि फ्लेक्सवर तसंच छापतात, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.

गिरणी चौकात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या ओट्यावर त्याची पकड, तारेचं भेंडोळं आणि सुतळी पडलेली असते. मी सकाळी त्यावर ओरडते, तो "उचलतो की, ताई" म्हणतो आणि संध्याकाळी सगळं पुन्हा तिथेच असतं. माणूस गोड बोलतो, म्हणून त्याचं चालून जातं.

मूळचा तो पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे निम्मं बालपण फडाकडेच्या पाचटाच्या कोपीत गेलं. शाळा झाली तेवढी झाली, बाकी वेळ मोळ्या बांधल्या. तोडलेल्या उसाची मोळी उसाच्याच वाढ्याला, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांना, पीळ देऊन आवळतात. शेतातून डोक्यावर, डोक्यावरून गाडीत आणि गाडीतून कारखान्यात जाईपर्यंत ती सुटता कामा नये. तोच पीळ गहिनीनाथने तारेला दिला. वावटळ आली की दुसऱ्यांचे फ्लेक्स फाटून विजेच्या तारांवर लोंबतात. ह्याचा जागचा हलत नाही. त्याची गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नाही, कापावी लागते, आणि ह्याचा त्याला फार अभिमान.

दुसरा अभिमान जागेचा. फ्लेक्स कुठे लावायचा हे गिऱ्हाइकाने सांगितलेलं त्याला खपत नसे. "गाडीवाल्याची नजर जिथं पयली पडती, तिथं चेहरा पायजे," असं तो छाती काढून म्हणायचा. आता हे वाक्य त्याच्यासमोर कुणी काढलं तर तो तिथून उठून जातो.

आमचा रस्ता पूर्वी कसा होता ते इथे सांगायला हवं. एका बाजूला शाळा आणि दूध डेअरी, दुसऱ्या बाजूला सगळी वस्ती, आणि मधून ट्रक, टेम्पो, हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या. डिव्हायडर लोकांनीच सोयीसाठी ठिकठिकाणी फोडलेला. जो तो वाटेल तिथून पलीकडे पळायचा. पायी चालणाऱ्याला गटाराच्या कडेने चालावं लागे, आणि सायकल चालवणारा तर सगळ्यांच्याच शिव्या खायचा.

ह्या रस्त्यामागे पुंजाराम आबा लागले. आबा पुणतांब्याचे, पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी सायकलवर केली आणि निवृत्तीनंतरही सायकल सोडली नाही. अर्ज त्यांचे, झेरॉक्स माझ्याकडे. बोलणं मऊ, पण चिकाटी अशी की साहेब बदलला तरी आबा त्याच खुर्चीसमोर जाऊन बसायचे. शेवटी काम झालं, आणि चांगलं झालं. दोन्हीकडे फूटपाथ, कडेने सायकलीसाठी हिरवा पट्टा, डिव्हायडरच्या फटी बंद. शाळेसमोर झेब्रा, तोही रस्त्यापेक्षा उंच उचललेला, म्हणजे गाडी आपसूक हळू व्हावी. लोकांनी मधूनच धावू नये म्हणून फूटपाथला लोखंडी रेलिंग, आणि झेब्र्यापाशी तेवढीच वाट मोकळी.

ज्या दिवशी रंग वाळला त्या दिवशी आबांनी बायकोला हाताला धरून झेब्र्यावरून पलीकडे नेलं आणि परत आणलं. बनुबाई लाजून चूर झाल्या होत्या. "समदा चौक बघतोय," म्हणत होत्या. "बघू दे," आबा म्हणाले, "हितूनच जायचं. दुसरीकडून पाय टाकायचा न्हाई." गहिनीनाथची पोरगी ज्ञानेश्वरी, घरात सगळ्यांची माऊ, अकरावीला आहे, ती हिरव्या पट्ट्यावरून सायकलने कॉलेजला जाऊ लागली. गहिनीनाथ तर येईल त्याला सांगायचा, "आबांनी करून दावलं."

आणि त्याच तोंडाने त्याने नवं रेलिंग बघितलं. बांबू रोवायला नको, खड्डा खणायला नको, आयती फ्रेम! त्यातून झेब्र्यापाशी रेलिंग आत वळतं. त्या वळणावर फ्लेक्स बांधला की येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तोंडासमोर येतो. रंग वाळून आठवडा झाला नसेल, तर तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा गॉगल घातलेला चेहरा लागला.

आबा सायकलवरून उतरले. माझ्याच ओट्यावर हा संवाद झाला.

"नाथा, तिथं नगं लावू बाबा. मागं हुबं राहिलेलं लेकरू दिसत न्हाई."

"आबा, चार दिवसाचा तर परश्न हाय."

"तू एकदा गाडीवर बसून बघ. गाडीवाल्याच्या जागेवरनं बघ."

"बघतो की," गहिनीनाथ म्हणाला, जसं मला पकड उचलण्याबद्दल म्हणतो तसं. फ्लेक्स चार दिवसांनी उतरला आणि पाचव्या दिवशी दुसरा लागला. आबा दर वेळी सांगायचे, हा दर वेळी हसायचा. भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

पावसाळा सरता सरता आबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. गहिनीनाथ लहान पोरासारखा रडला. तिरडीचे बांबू त्यानेच आवळले. संध्याकाळी छापणाऱ्याकडे जाऊन त्याने स्वतःच्या खर्चाने फ्लेक्स काढला, चौकातला सगळ्यात मोठा. आबांचा हसरा फोटो, मागे सायकल, खाली "या रस्त्याला माणसांचा रस्ता करणारे आमचे आबा". तो बांधायचा कुठे, हा प्रश्नसुद्धा कुणाच्या डोक्यात आला नाही. आबांचा फ्लेक्स आबांच्या झेब्र्यापाशीच लागणार. गहिनीनाथने रेलिंगच्या वळणावर दोन बांबू चढवून तो असा ताणला की एक सुरकुती दिसेना. लोकांनी हार घातले, फोटो काढून स्टेटसला ठेवले. मीही ठेवला.

दहावा झाला, तेरावा झाला. वाढदिवसाचा फ्लेक्स असता तर कुणीतरी बोललं असतं. गेलेल्या माणसाचा चेहरा खाली उतरव असं कोण म्हणणार? गहिनीनाथ म्हणाला, "म्हैनाभर तरी राहू द्या." सगळे म्हणाले, राहू द्या.

महिना भरायच्या आतच, एका सकाळी, बनुबाई दूध आणायला निघाल्या. नवऱ्याने सांगितलं होतं तिथूनच. फूटपाथवरून आल्या, नवऱ्याच्या फ्लेक्समागून पुढे आल्या, झेब्र्यावर पाऊल टाकलं, आणि मोटरसायकलची धडक बसली.

मोटरसायकलवर ओंकार होता. कर्जतकडचा पोरगा, इथे खोली घेऊन पार्सल पोचवायचं काम करतो. उंचवट्यापाशी त्याने गाडी हळू केली होती म्हणून बनुबाई जिवानिशी वाचल्या, पण खुब्याचं हाड मोडलं. लोक धावले. आधी बनुबाईंना रिक्षात घातलं आणि मग ओंकारला धरलं. कुणी कॉलर पकडली, कुणी दोन ठेवून दिल्या. तो बिचारा एकच बोलत होता, "दिसल्याच न्हाईत हो, फ्लेक्सच्या मागून आल्या." ह्यावर त्याला आणखी एक बसली. आबांच्या फ्लेक्सला दोष देतो म्हणजे काय!

मी तेव्हा रिक्षात बनुबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मागे काय झालं ते मला दुपारी कळलं. पोलीस येण्याआधी गहिनीनाथने पकड काढली आणि आबांचा फ्लेक्स उतरवला. स्वतःच्या गाठी त्याने आयुष्यात पहिल्यांदा कापल्या. लोकांना सांगितलं, "ह्या गोंधळात आबांच्या फोटूची इटंबना नगं." लोकांना ते पटलं, एकाने तर घडी घालायला हात लावला. पोलिसांनी पंचनामा केला तेव्हा रेलिंग मोकळं होतं आणि झेब्रा लख्ख दिसत होता. एवढ्या लख्ख झेब्र्यावर म्हातारीला उडवणारा पोरगा आणखी कोण असणार, बेफाम चालवणाराच. गुन्हा नोंदवला गेला, गाडी जमा झाली, पार्सलवाल्यांनी त्याला कामावरून थांबवलं.

आपण जे करतोय ते काय आहे हे उतरवतानाच कळलं होतं का, असं मी नंतर गहिनीनाथला विचारलं. तो म्हणाला, "पयली तार कापताना न्हाई कळलं. दुसरी कापताना कळलं."

दवाखान्यात तो माझ्याबरोबर आला. बनुबाईंच्या पायाला वजन लावलेलं. त्याला बघून त्यांनी हात पुढे केला, त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "गहिनीनाथ, तू ह्यांना लई मोठं केलंस बाबा. येवढा मोठा फोटू कुणाचा लागतो? मी रोज जाता-येता बघायचे."  गहिनीनाथने हात सोडवून घेतला आणि बाहेर गेला. जिन्याजवळ तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. पण आत येऊन बोलला मात्र नाही. 

काही दिवसांनी ओंकार चौकात आला. ओठाची जखम सुकत आली होती. तो दुकानादुकानात जाऊन विचारत होता की त्या दिवशी झेब्र्यापाशी फ्लेक्स होता हे कुणी सांगेल का. मेडिकलवाल्याचा कॅमेरा आहे, पण तो स्वतःच्या गल्ल्याकडे तोंड करून बसवलेला. सलूनवाला म्हणाला, फ्लेक्स होता खरा, पण त्या दिवशी होता की आधीच काढला ते सांगता येत नाही. कुणाला साक्षीपुराव्यात पडायचं नव्हतं. फिरत फिरत तो माझ्या ओट्याशी आला. गहिनीनाथ तिथे सुतळी गुंडाळत बसलेला. फ्लेक्स बांधणारा हाच, हे ओंकारला ठाऊक नव्हतं.

"मामा, तुमी हितंच असता. त्या दिवशी तिथं फ्लेक्स हुता न्हवं?"

गहिनीनाथने वर बघितलं. "म्या न्हाई बघितला," म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगा "बरं" म्हणाला, अगदी सवय झाल्यासारखं, आणि पाठ फिरवून चालू लागला. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं तर गहिनीनाथ हात जोडून उभा. "ताई, तुमी नगा सांगू. मीच सांगतो. तुमी सांगितलं तर मला तोंड उरायचं न्हाई."

"मग सांगा! तो चाललाय बघा."

त्याचे पाय हलले नाहीत. मी पायऱ्या उतरून ओंकारला गाठलं, त्याचा फोन नंबर घेतला आणि "चार दिवसांत तुला सांगणारा माणूस मिळेल" एवढं बोलले. परत येऊन गहिनीनाथला म्हणाले, "चार दिवस. पाचव्या दिवशी मी ठाण्यात जाते." मग त्याची पकड, तार, सुतळी उचलली आणि ओट्याखाली फेकली. त्याने ती निमूट गोळा केली.

घरी त्याची काय अवस्था होती ते ज्ञानेश्वरीकडून कळलं. उतरवलेले जुने फ्लेक्स तो जपून ठेवतो आणि हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांना कोप्यांवर अंथरायला नेऊन देतो. त्याच्या आईबापाच्या डोक्यावर कधी धड छप्पर नव्हतं, म्हणून हे काम तो न चुकता करतो. ह्या वर्षीचा गठ्ठा बांधला, आणि आबांचा फ्लेक्स बाहेर राहिला. तो कुणाच्या कोपीवर कसा घालायचा? जमिनीवर ठेववत नव्हता, फेकवत नव्हता. घडी कपाटावर ठेवली, तर झोपताना पाय तिकडे येतात म्हणून ह्याने अंथरूण फिरवलं. पोरीने विचारलं, "पप्पा, एवढं काय झालंय?" तर तिच्यावर खेकसला, आणि मग जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. वाढदिवसाचा फ्लेक्स होता. "आबांचा होता तिथंच लाव," म्हणाला, "तिथं लावला की दुसरं काही दिसतच नाही बघ." एवढं बोलून तो गाडीला किक मारून गेला.

गहिनीनाथ फ्लेक्स घेऊन रेलिंगपाशी गेला. मी काउंटरवरून बघत होते. त्याने एक टोक रेलिंगला लावलं, तार ओवली आणि पीळ द्यायला लागला. तार सुटली. पुन्हा ओवली, पुन्हा सुटली. पाळण्यातून उतरल्यापासून ज्या हातांनी मोळ्या आवळल्या त्या हातांना गाठ बसेना. मग त्याने फ्लेक्स तसाच गुंडाळला, रस्ता ओलांडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, लावा त्या पोराला फोन."

तो घरी जाऊन आबांचा फ्लेक्स घेऊन आला. ठाण्यात जाऊन त्याने हवालदारांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण दुपारी कॉलेज सुटायच्या वेळेला हवालदार, ओंकार आणि गहिनीनाथ झेब्र्यापाशी उभे होते आणि बघता बघता सगळा चौक गोळा झाला. भर उन्हात, सगळ्यांसमोर, गहिनीनाथने आबांचा फ्लेक्स पुन्हा बांधला. त्याच वळणावर, त्याच उंचीवर. ह्या वेळी गाठ बसली.

"हा असा हुता, सायेब," तो म्हणाला. "म्या लावला हुता. आन तुमी यायच्या आदी म्याच काढला."

कुणीतरी मागून म्हणालं, "नाथा, गप ना." तो गप्प बसला नाही. "ह्या पोरानं मला इचारलं तवा म्या खोटं बोललो," म्हणाला. मला वाटलं होतं की ओंकार चिडेल. तो खाली बघत उभा राहिला, आणि ज्यांनी त्याला मारलं होतं तेही खालीच बघत होते.

हवालदारांनी शिट्टी वाजवून दोन्हीकडची वाहतूक थांबवली आणि आपली मोटरसायकल त्या दिवशी ओंकार जिथून आला तिथे उभी केली. "बस," ते गहिनीनाथला म्हणाले, "आणि सांग काय दिसतं." तो गाडीवर बसला. आबांनी किती वेळा सांगितलं होतं, गाडीवाल्याच्या जागेवरून बघ म्हणून. समोर आबांचा हसरा चेहरा, झेब्र्याचा पुढचा तुकडा आणि बाकी काही नाही.

"मागे कोण उभं आहे?" हवालदारांनी विचारलं.

"कुनी न्हाई."

तेवढ्यात फ्लेक्सच्या कडेआडून सायकलचं पुढचं चाक बाहेर आलं आणि त्यामागे ज्ञानेश्वरी. कॉलेजातून येताना गर्दी बघून ती सायकलवरून उतरली होती आणि हातात धरून झेब्र्याकडे निघाली होती. गाडी बंद होती, स्टँडवर होती, रस्त्यावर एक चाक हलत नव्हतं. तरी गहिनीनाथने दोन्ही ब्रेक आवळले आणि किंचाळला, "माऊ, मागं!"

पोरगी जागच्या जागी थिजली.  गहिनीनाथ गाडीच्या टाकीवर डोकं टेकून रडू लागला आणि त्याला उतरवायलाही कुणी पुढे झालं नाही. शेवटी ओंकार पुढे झाला. त्याने त्याच्या खांद्याला हात लावला तर गहिनीनाथ अंग चोरून आणखीच लहान झाला.

पुन्हा पंचनामा झाला. ओंकारची गाडी सुटली. खटल्याचं अजून काय व्हायचं ते होईल, पण नव्या जबाबाखाली गहिनीनाथची सही आहे. फ्लेक्स उतरवताना त्याने पकड लावली नाही. एकेक गाठ बोटांनी सोडवत बसला. नखं फुटली, पण एकही तार कापली नाही.

संध्याकाळी तो मला म्हणाला, "ताई, चला संगं. एकट्याच्यानं जाववत न्हाई." बनुबाईंना घरी आणलं होतं. खाटेवर पडून होत्या, आता काठीशिवाय चालता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. गहिनीनाथने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. फ्लेक्स उतरवला ते, पोराशी खोटं बोलला ते, दवाखान्यात गप्प राहिला ते. बनुबाई आढ्याकडे बघत ऐकत होत्या. मला वाटलं, रडतील, नाहीतर "जाऊ दे बाबा" म्हणतील. आमच्याकडे बायका शेवटी तसंच म्हणतात.

 मग मान वळवून त्यांनी विचारलं, "ह्यांनी तुला सांगितलं हुतं न्हवं, गहिनीनाथ?"

"व्हय," तो म्हणाला.

"किती येळा?"

गहिनीनाथ बोटांवर मोजू लागला आणि मधेच थांबला. बनुबाईंनी तोंड भिंतीकडे केलं, आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.